रविवार, सव्वाआठ

इन्स्पेक्टर येल्डेन गेले.
मेले नाहीत. गेले, एवढंच म्हणतेय.
पेन्सिलीला शेवटचं टोक काढलं,
चाकूनं, नेहमीसारखं स्वतःकडे ओढत,
ती टेबलावर ठेवली, कुणालाही न देता,
आणि बोर्कुमच्या बोटीत बसले.
मग पडद्यावर नुसतं पाणी.
मग नावं वर सरकू लागली.

एरवी नावं सरकू लागली की माझ्या पबात माणसं कोट शोधतात.
काल कुणी उठलं नाही.
एम्डेनच्या धक्क्यावर वारा दार ढकलत होता,
मी ते दोनदा लावलं.

"मारायला हवं होतं त्यांना," टोमा म्हणाली.
तिच्या चहात खडीसाखर तडकली, साय ढगासारखी वर आली,
ती ढवळत नाही, कधीच नाही.
"सतरा वर्षं पाहिलं मी या माणसाला.
मयत हवी होती मला. फुलं पाठवली असती."

फोल्कर्ट म्हणाला, पैशाचं असणार,
नटानं जास्त मागितले असतील.
चर्चमध्ये शिटी वाजवावी
तसं सगळ्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं.
कुठला नट?

हिनरिकाची वही आहे. पूर्वी ती कस्टममध्ये होती,
सवय जात नाही.
"मार्चपासून ते खुर्चीवर कोट टांगत नव्हते,
अंगातच ठेवायचे.
चौथ्या भागात कुत्रं शेजारणीला दिलं.
सातव्यात खिडकीतल्या झाडाला पाणी घातलं नाही.
जाणारा सांगून जात नाही,
पण जायला लागलेला दिसतो."

"ताकाला तूर लागू दिली नाही म्हणे,"
नुरेत्तिन बिअरचा फेस पुसत म्हणाला,
"अहो, घरभर सांडली होती तूर.
आपण ताक पीत बसलो."

मी पेले विसळत होते. हात पाण्यात असले
की डोळे रिकामे असतात, कुठेही जातात.
तिसऱ्या स्टुलावर गेले.

तिथे रीम्ट बसायचा.
पहिल्याच मिनिटाला, प्रेताला कापड घालायच्या आत
"माळी!" असं ओरडायचा.
गोष्टीत माळी नसला तरी. बाग नसली तरी.
जहाजावरच्या खुनातसुद्धा एकदा
त्यानं माळ्यालाच धरलं, आणि आम्ही
पुढचा पुरावा हसण्यात घालवला.

मी म्हटलं, तुमच्या वहीत नाही, पण सांगते.
ऑगस्टपासून तो अर्धाच ग्लास पीत होता.
पैसे मोजून आणायचा, सुटे, मुठीत ऊब धरलेले.
आपले डार्ट त्यानं कपाटावर ठेवले, डबीसकट,
आणि मी विचारलं नाही.

"शिडी माझ्याकडे आहे त्याची,"
फोल्कर्ट हळूच म्हणाला.
"म्हणाला, ठेव. मला लागणार नाही.
मला वाटलं, फ्लॅटमध्ये राहतो, कशाला लागेल."

मुलीकडे गेला असं आपण म्हणत होतो.
कोण म्हणालं होतं?
टोमा म्हणाली, मला तुम्ही सांगितलंत.
मला नुरेत्तिननं सांगितलं होतं.
नुरेत्तिननं टोमाकडे पाहिलं.
मुलगी होती का त्याला?

फ्रिज घरघरला आणि थांबला.
येल्डेनच्या कोटाच्या बटणांचासुद्धा हिशेब होता
आमच्यापाशी. आणि हा इथे, हाताच्या अंतरावर.

गल्ल्याखालून मी चिठ्ठी काढली.
दोन लहान बिअर, एक हेरिंगचा पाव,
तारखेवर ओला ग्लास ठेवलेला, निळं वर्तुळ.
नोव्हेंबर असावा.
एवढं एकच त्यानं उधार ठेवलं, आयुष्यात पहिल्यांदा.
परत येणारा माणूस उधार ठेवतो, मी समजले होते.

"पुढच्या रविवारी ती नवी येणार, लाइपझिगची,"
टोमा म्हणाली. "मी बघणार नाही."
"बघशील."
"तीन भाग. त्यापेक्षा जास्त नाही."

हिनरिकानं कोरं पान काढलं,
वर नाव लिहिलं, खाली रेघ मारली,
आणि अगदी येल्डेनच्या थंड आवाजात विचारलं,
"शेवटचं कुणी पाहिलं?"

बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
मग फोल्कर्ट म्हणाला,
"माळ्यानं."

कुणी हसलं नाही.
मग सगळेच हसलो, टोमाला ठसका लागेपर्यंत,
आणि हिनरिकानं तेही लिहून घेतलं.